नळदुर्गातला साहेब

नळदुर्गचा किल्ला आपल्यापैकी बहुतेकांनी सहलीत पाहिलेला असतो, आणि तोही पाणीमहालापुरता. या किल्ल्यात एकेकाळी एक इंग्रज अधिकारी बिऱ्हाड करून राहिला होता, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. त्याचे नाव फिलिप मेडोज टेलर.

त्याचा जन्म 1808 साली लिव्हरपूलला झाला. पंधराव्या वर्षी तो मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे आला. तेथे काही जमले नाही, तेव्हा 1824 मध्ये निजामाच्या फौजेत शिरला. कंपनी सरकारच्या बड्या सनदी चाकरीचा शिक्का त्याच्यावर कधीच बसला नाही. भाषा, कायदा, जमीनमोजणी, बांधकाम हे सारे तो कामातच शिकला. 1839 साली ठगांवरची त्याची कादंबरी विलायतेत गाजली, पण पोट चालले ते निजामाच्या नोकरीवरच.

1841 पासून बारा वर्षे तो सुरपूर संस्थानात होता. तेथला राजा व्यंकटप्पा नायक लहान होता, आणि तो टेलरला ‘अप्पा’ म्हणे. सुरपूरच्या टेकडीवर त्याने बांधलेले घर ‘टेलर मंझिल’ या नावानेच ओळखले जाते.

1853 साली निजामाने फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आपला हा मुलूख इंग्रजांकडे सोपविला. जिल्ह्याचे नाव तेव्हा नळदुर्गच होते, आणि कारभारी म्हणून टेलर आला. विलायतेतले जमीनदार हिरवळीवर प्रशस्त वाडे बांधून राहतात. याच्या वाट्याला आदिलशाही तटबंदी आली. काळ्या बसाल्टचे पठार, खाली बोरी नदीची घळ, तिच्यावर आडवा घातलेला बंधारा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 च्या सुमारास, तो बांधला गेला. बंधाऱ्याच्या पोटातच महाल आहे. पावसाळ्यात नर-मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळते, तरी आतल्या सज्जात बसणारा कोरडाच राहतो! पाणी अडविणे आणि राजाने बसून ते पाहणे या दोन्ही गोष्टी एकाच भिंतीत साधणारा कारागीर आमच्या मते कोणत्याही इंग्रजी वाड्याच्या शिल्पकाराला हार जाणार नाही. टेलरलाही या किल्ल्याने भुरळ घातली होती. आत्मचरित्रात त्याने त्याचे मनापासून वर्णन केले आहे.

येथे त्याने जमीन मोजली, रस्ते आखले. तो परक्या सत्तेचा नोकर होता हे विसरू नये. पण रयतेत मिसळणारा होता, हेही खरेच. 1857 च्या धामधुमीत त्याची बदली बुलढाण्याला झाली.

पुढच्याच वर्षी सुरपूरचा तरुण राजा इंग्रजांविरुद्ध उठला, हरला आणि पकडला गेला. टेलर त्याला तुरुंगात भेटला, त्याच्यासाठी त्याने शब्द टाकला. फाशी टळली, शिक्षा चार वर्षांच्या कैदेवर आली. ही बातमी सुखाची ठरावी, तर कैदेच्या वाटेवरच पिस्तुलाच्या गोळीने राजाचा अंत झाला. ज्या पोराला सांभाळले त्याला वाचवायचे, आणि ज्यांच्याविरुद्ध तो उठला त्यांचीच चाकरी करायची! या पेचातून टेलर कधी सुटला असेल, असे वाटत नाही.

1860 मध्ये तो निवृत्त झाला. 1863 साली ‘तारा’ ही कादंबरी आली. तिची नायिका आपल्या तुळजापूरची, आणि पार्श्वभूमी अफजलखानाच्या स्वारीची. पुढे त्याची दृष्टी गेली. तशाही अवस्थेत 1875 मध्ये सालारजंगांच्या निमंत्रणावरून तो हैदराबादेस आला, आजारी पडला, आणि परतताना 13 मे 1876 रोजी फ्रान्समधील मांतों येथे वारला.