कीचकवध नाटक लिहिणारे खाडिलकर



नाटक सगळ्यांना आवडते. यात्रेत नाटक असले की आम्ही पोरे संध्याकाळीच पोती अंथरून पुढची जागा धरतो. पण पूर्वी एक नाटक असे होते की त्याला इंग्रज सरकार घाबरले. सरकारजवळ फौज होती, तोफा होत्या, तुरुंग होते. तरी ते नाटकाला घाबरले! ते नाटक लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांची माहिती मी लिहीत आहे. त्यांना सगळे काकासाहेब म्हणत.

काकासाहेबांचा जन्म २५ नोव्हेंबर १८७२ रोजी सांगली येथे झाला. सांगली हे नाटकाचे माहेरघर आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीतच 'सीतास्वयंवर' नाटक केले होते. काकासाहेब पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले व बी.ए. झाले. त्या काळी बी.ए. झालेल्या माणसाला सरकारी नोकरी सहज मिळे. पण ते १८९७ साली लोकमान्य टिळकांच्या 'केसरी' वर्तमानपत्रात गेले. दिवसा वर्तमानपत्राचे लेख लिहायचे आणि शिवाय नाटकेही लिहायची, असे त्यांचे चाले.

१९०७ साली त्यांचे 'कीचकवध' नाटक रंगभूमीवर आले. महाराष्ट्र नाटक मंडळी ते करत असे. त्यातली गोष्ट महाभारतातली आहे. आमच्या आजोबांना ती पाठ आहे, कारण त्यांनी ती कीर्तनात ऐकली आहे. पांडव वेष पालटून विराट राजाच्या घरी राहिले होते. द्रौपदी सैरंध्री नावाची दासी झाली होती. धर्मराज कंकभट झाला होता आणि भीम बल्लव नावाचा आचारी झाला होता. राणीचा भाऊ कीचक फार माजलेला होता. तो द्रौपदीला छळू लागला. धर्मराज म्हणे, जरा दम धरा. भीमाला काही दम निघेना. शेवटी भीमाने कीचकाला ठार केले.

आता यात इंग्रजांचे नाव कुठे आले का? नाही आले. पण लोक नाटक बघायला बसले की त्यांना वेगळेच दिसे. तेव्हा लॉर्ड कर्झन नावाचा व्हाइसरॉय नुकताच होऊन गेला होता. १८९९ ते १९०५ पर्यंत तो होता. त्याने १९०५ साली बंगालचे दोन तुकडे केले, म्हणून सगळा देश चिडला होता. लोकांना कीचक बघून कर्झन आठवे. छळ सोसणारी द्रौपदी म्हणजे आपली भारतमाता वाटे. दम धरा म्हणणारा धर्मराज म्हणजे मवाळ पुढारी आणि चिडलेला भीम म्हणजे जहाल पुढारी, असे लोक समजत. भीम आला की थिएटर टाळ्यांनी दणाणून जाई. एकमेकांना सांगून सांगून माणसे नाटकाला जात.

सरकारच्या कानावर हे गेले. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला नेले होते. मग डिसेंबर १९०९ मध्ये नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा खून झाला, तोही नाटकाच्या थिएटरात. सरकार फार घाबरले आणि १९१० साली 'कीचकवध' नाटकावर बंदी घातली. प्रयोग करायचा नाही म्हणजे नाही. नाटके बंद करण्यासाठी सरकारने १८७६ सालीच एक कायदा करून ठेवला होता.

मी गुरुजींना विचारले, सरकारचा माणूस मेला, मग सरकारने बंदी घातली तर चुकले काय? गुरुजी म्हणाले, तू विचार कर आणि सांग. मी विचार केला. खून करणाऱ्यांना सरकारने फाशी दिली होती. नाटक लिहिणाऱ्याने कुणाला मारले नव्हते. आणि जॅक्सन गेले त्या दिवशी तिथे 'शारदा' नाटक चालू होते. त्यात कीचक पण नाही आणि भीम पण नाही.

दुसरी एक गंमत माझ्या ध्यानात आली. कीचकाची गोष्ट लोक हजारो वर्षे ऐकत आले आहेत. देवळात कीर्तनकार ती सांगत होते, घरात आजी सांगत होती. ती काही सरकारला बंद करता आली नाही. मग सरकारने बंद काय केले? लोकांनी एकत्र बसून तिचा अर्थ लावला, तेवढेच बंद केले. आणि बंदी घालून सरकारने आपणच सांगून टाकले की कीचक म्हणजे आम्हीच. आपल्यात म्हण आहे ना, खाई त्याला खवखवे. तसे झाले.

नाटक बंद झाले म्हणून काकासाहेब गप्प बसले नाहीत. १९११ साली त्यांचे 'मानापमान' हे संगीत नाटक आले. त्यात पैशापेक्षा शौर्य मोठे असे दाखवले आहे. १९१३ साली 'विद्याहरण' आले. त्यात दारू पिऊन शुक्राचार्यांसारख्या विद्वानाचे पण कसे नुकसान होते ते आहे. बालगंधर्व त्यांच्या नाटकात गात असत. १९२१ साली बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मिळून मुंबईत 'मानापमान'चा मोठा प्रयोग केला. त्याचे पैसे टिळक स्वराज्य फंडाला दिले. म्हणजे एक नाटक बंद केले तरी दुसरे नाटक देशाच्या कामी आलेच.

१९२३ साली त्यांनी मुंबईत 'नवाकाळ' वर्तमानपत्र काढले. त्यातल्या लेखांबद्दल १९२९ साली सरकारने त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला भरला व त्यांना एक वर्षाची कैद सांगितली. तेव्हा त्यांचे वय छप्पन्न होते. पुढे १९३३ साली नागपूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. सरकारने ज्यांचे तोंड बंद करायचे ठरवले, त्यांनाच लोकांनी मानाने खुर्चीवर बसवले. 'कीचकवध'वरची बंदी पण बऱ्याच वर्षांनी उठली.

२६ ऑगस्ट १९४८ रोजी काकासाहेब वारले. तेव्हा देशाला स्वातंत्र्य मिळून एक वर्ष झाले होते. कीचक गेलेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला. पण नाटके बंद करण्याचा तो १८७६ चा कायदा काही गेला नव्हता. तो आपल्या संसदेने अगदी अलीकडे, २०१८ साली रद्द केला. इंग्रज गेल्यावर सत्तर वर्षांनी!

मित्रांनो, मला यावरून एक वाटते. बंदी फक्त इंग्रजच घालत होते असे नाही. आपल्या वर्गात कुणी वेगळे बोलले की आपण फिदीफिदी हसतो. मग तो पोरगा परत तोंड उघडत नाही. ही पण एक बंदीच झाली. मी स्वतः असा हसलो आहे. आता नाही हसणार. आणि गॅदरिंगला एखादे नाटक आवडले नाही तर घरी येऊन खुशाल सांगा की आवडले नाही. पण दुसऱ्याला बघू द्या. मोठ्या माणसांनी पण असेच करावे अशी माझी नम्र विनंती आहे.

अशा या निर्भय नाटककाराला माझे कोटी कोटी प्रणाम!

इयत्ता चौथी