शास्त्री ही पदवी होती

लालबहादूरांचे आडनाव शास्त्री, असेच मी कॉलेजात येईपर्यंत समजत होते. ती काशी विद्यापीठाची पदवी आहे, हे ग्रंथालयातील एका चरित्रात वाचले आणि पुस्तक मिटून मी थोडा वेळ तशीच बसले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. जातिवाचक आडनाव टाकून द्यावे आणि शिकून मिळवलेली पदवी आयुष्यभर नावाशी जोडून घ्यावी, ही कल्पनाच मला फार आवडली.

२ ऑक्टोबर १९०४ रोजी मुगलसराय येथे त्यांचा जन्म झाला. दीड वर्षाचे असताना पितृछत्र हरपले. १९२१ च्या असहकारात शाळा सुटली, पुढे तुरुंगवास घडले, आणि १९५६ साली अरियलूरच्या रेल्वे अपघातानंतर त्यांनी मंत्रिपद सोडले. हे सारे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. मला सांगायचे आहे ते गृहमंत्री शास्त्रींविषयी.

एप्रिल १९६१ मध्ये ते गृहमंत्री झाले आणि दीड महिन्यातच आसाम पेटला. १९६० च्या कायद्याने असमिया ही राज्यभाषा ठरली होती. कचारमधील बंगाली भाषकांना ते मान्य नव्हते. १९ मे १९६१ रोजी सिलचर स्थानकावरील सत्याग्रहींवर गोळीबार होऊन अकरा जण मेले. त्यांत कमला भट्टाचार्य ही नुकतीच मॅट्रिकला बसलेली मुलगी होती. शास्त्रीजी तेथे गेले, दोन्ही बाजूंचे ऐकले. जिल्ह्यात बंगाली चालू राहील अशी तरतूद मूळ कायद्यात होती. पण स्थानिक संस्थांनी दोन तृतीयांश मतांनी ठरवले तर ती जाऊ शकत होती. हे कलम काढावे आणि राज्याच्या राजधानीशी कचारचा पत्रव्यवहार तूर्त इंग्रजीत चालावा, असा तोडगा त्यांनी सुचवला. तो शास्त्री सूत्र म्हणून ओळखला जातो. त्याच वर्षी कायदा दुरुस्त झाला. पूर्ण समाधान कोणत्याच बाजूचे झाले नाही. तरी कचारमध्ये बंगाली टिकली.

१९६२ साली त्यांनी लाचलुचपतीच्या चौकशीसाठी के. संथानम यांची समिती नेमली. तिच्या शिफारशीवरून फेब्रुवारी १९६४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोग आला, तोवर कामराज योजनेत शास्त्रीजींचे गृहखाते सुटलेही होते. आयोगाला अधिकार मात्र केवळ सल्ल्याचा; त्याला कायद्याचा आधार मिळायला २००३ साल उजाडले. ही उणीव मला खटकते. पण जून १९६४ मध्ये, ते पंतप्रधान झाल्यावर काही दिवसांतच दास आयोगाच्या अहवालामुळे पंजाबच्या प्रतापसिंग कैराँसारख्या बलाढ्य मुख्यमंत्र्याला जावे लागले, हेही खरे.

सिलोनशी ऑक्टोबर १९६४ मध्ये केलेल्या कराराबाबत मात्र मी त्यांची बाजू घेऊ शकत नाही. चहामळ्यांतील सव्वापाच लाख माणसे भारतात यावीत, तीन लाख तेथे राहावीत, दीड लाखांचे नंतर पाहू, अशी ती वाटणी होती. त्या मजुरांना कोणी विचारले नाही. सिलचरला जाऊन ऐकणारा माणूस येथे का ऐकू शकला नाही?

जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला मध्यस्थ सोव्हिएत पंतप्रधान कोसिजिन होते आणि शास्त्रीजी भांडणाऱ्या दोन पक्षांपैकी एक. सैन्याने जिंकलेली हाजीपीर खिंड परत द्यायची होती. १० तारखेला त्यांनी सही केली. त्याच रात्री, ११ तारीख लागल्यावर, तेथेच त्यांचे निधन झाले.