कोठडीतला कोशसेवक

ऑक्सफर्डचा इंग्रजी महाकोश आपल्या ग्रंथालयांची शान मानला जातो. त्यासाठी वीसएक वर्षे खपलेला एक माणूस मात्र खुनाच्या खटल्यातून वेड्यांच्या इस्पितळात जन्मठेपेसारखा अडकलेला होता. त्या डॉ. विल्यम मायनरची कथा मला इथे सांगावीशी वाटते.

१८३४ साली सिलोनमध्ये एका अमेरिकन मिशनरी कुटुंबात त्याचा जन्म झाला. १८६३ साली येलमधून डॉक्टर होऊन तो यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात शस्त्रवैद्य झाला. युद्धानंतर त्याचे मन ढासळत गेले. १८६८ साली त्याला वॉशिंग्टनच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे लागले. पुढे तो लंडनला आला. पण रात्री कोणी खोलीत शिरून आपला छळ करते, हा भ्रम सुटला नाही. त्याने पोलिसांकडे तक्रारीही केल्या. १७ फेब्रुवारी १८७२ च्या पहाटे, त्याच भ्रमात, त्याने लँबेथच्या रस्त्यावर जॉर्ज मेरेट या निरपराध मजुराला गोळ्या घातल्या. मेरेटच्या मागे गर्भवती पत्नी आणि लहान मुले होती.

१८४३ च्या मॅक्नॉटन खटल्यानंतर ठरलेल्या नियमांप्रमाणे कोर्टाने मायनरला वेडाच्या कारणाने निर्दोष ठरवले. २०२४ पर्यंत लागू असलेल्या आपल्या १८६० च्या दंडसंहितेतील ८४ वे कलम याच विचारातले होते. पण निर्दोष म्हणजे मोकळा नव्हे! ब्रॉडमूरच्या इस्पितळात त्याची अडतीस वर्षे गेली. तिथेच संपादक जेम्स मरे यांचे आवाहन वाचून तो कोशासाठी हजारो अवतरणे वेचून पाठवू लागला. मेरेटची विधवा काही काळ त्याला भेटायला येई, पुस्तके आणून देई. याहून मोठे मन कोणाचे असेल?

१९०२ साली त्याने चाकू चालवला तो स्वतःच्याच शरीरावर. १९१० साली गृहमंत्री चर्चिल यांनी त्याला अमेरिकेला जाऊ दिले. तिथे त्याच्या आजाराला, आज आपण छिन्नमनस्कता म्हणतो ते, नाव मिळाले. १९२० साली तो वारला. कोश पुरा झाला १९२८ साली.

या चरित्रावरून प्रत्येक मनोरुग्ण खुनी असतो असे कोणी समजू नये. बहुतेक रुग्ण कधी कोणावर हात उगारत नाहीत. उलट तेच अनेकदा इतरांच्या हिंसेला बळी पडतात. धोका वाढतो तो मुख्यतः उपचाराविना राहिलेल्या भ्रमांमुळे आणि व्यसनामुळे. मायनरच्या बाबतीत खुणा आधीच दिसत होत्या. त्या काळी त्यांवर औषध नव्हते. आज आहे. म्हणून शेजारच्या घरातला असा माणूस टाळला गेला आणि उपचाराविना राहिला, तर तो दोष काळावर ढकलता येणार नाही, असे मला वाटते.