संत गाडगेबाबा : परगावच्या माणसांचा आधार

आपल्या सांगोल्याशेजारीच पंढरपूर आहे. वारीला लाखो माणसं येतात. पूर्वी त्यांच्यापुढे मोठा प्रश्न असायचा, रात्री टेकायचं कुठं? ज्यांना अस्पृश्य मानलं जाई, त्यांना तर कुणी ओसरीवरही घेत नसे. हा प्रश्न गाडगेबाबांनी हाती घेतला.

त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, शेंडगाव, जि. अमरावती. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडलं. गावात गेले की आधी खराटा घेऊन रस्ते, गटारं साफ करायचे. ते पाहून गावकरीही झाडू हाती घेत. रात्री कीर्तनातून बाबा अस्वच्छता, व्यसन आणि शिवाशिवीवर बोलत.

लोकवर्गणीतून त्यांनी नाशिक, देहू, आळंदी, पंढरपूर येथे धर्मशाळा बांधल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांचीही सोय केली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला दिली. स्वतःजवळ मात्र एक गाडगं, काठी आणि चिंध्यांचे कपडे! २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले.

मुलांनो, आपल्याकडेही डाळिंबाच्या बागेत, बांधकामावर परगावची कुटुंबं राबतात. त्यांना प्यायला पाणी आणि शौचालय आहे का, एवढं नक्की बघा. नसेल तर घरी सांगा, ग्रामसभेत विषय काढायला लावा.