माणगावचा बावीस वर्षांचा नाईक

रत्नागिरीहून मुंबईला एसटीने जाताना माणगावच्या ट्रॅफिकमध्ये तुम्ही एकदा तरी अडकला असालच. गणपतीत तर नक्कीच! अशा वेळी आपण मोबाईल काढतो किंवा झोपून घेतो. पण याच माणगावात तहसील कार्यालयाच्या आवारात एका सैनिकाचा पुतळा आहे. यशवंत घाडगे हे त्यांचं नाव. ते गेले तेव्हा अवघे बावीस वर्षांचे होते. म्हणजे तुमच्यातले काही जण आज ज्या वयात एमएच्या प्रवेशाचा किंवा पहिल्या नोकरीचा विचार करताय, त्याच वयाचे.

यशवंतरावांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१चा. गाव माणगाव तालुक्यातलं पळसगाव. तेव्हा हा भाग कुलाबा जिल्ह्यात होता, आज तो रायगडमध्ये येतो. त्या काळातलं कोकण कसं होतं, हे तुमच्या आजोबांना विचारा. भाताची शेती पावसावर, जमिनीचे तुकडे लहान आणि घरात खाणारी तोंडं जास्त. हाताशी आलेल्या मुलापुढे वाटा दोनच, मुंबईची गिरणी नाहीतर मिलिटरी. गावात मनिऑर्डर यायची ती बहुतेक या दोन ठिकाणांहूनच. मराठा पलटणीत जाणं ही तर रत्नागिरी, कुलाबा, साताऱ्याकडच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तर भारतीय सैन्य पंचवीस लाखांच्या घरात गेलं आणि त्यात सक्तीची भरती नव्हती.

यशवंतराव पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. या रेजिमेंटचं केंद्र बेळगावला, ते आजही तिथेच आहे. पुढे ते नाईक झाले. नाईक म्हणजे साधारण दहा जवानांच्या तुकडीचा, सेक्शनचा प्रमुख. म्हणजे ज्या वयात आपल्याला प्रोजेक्टचा ग्रुप सांभाळता येत नाही, त्या वयात त्यांच्याकडे दहा जणांचे जीव होते.

१९४४मध्ये ही बटालियन दहाव्या भारतीय डिव्हिजनबरोबर इटलीत लढत होती. तिथे पन्नास हजारांहून अधिक भारतीय सैनिक लढले. युद्ध म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फक्त गोळीबार येतो. पण सैनिकाचा बराचसा दिवस चालण्यात, खंदक खणण्यात, बंदूक साफ करण्यात आणि वाट पाहण्यात जातो. मध्य इटलीचा मुलूख डोंगराळ. जिथे गाडी चढत नाही, तिथे दारूगोळा आणि शिधा खेचरांच्या पाठीवरून वर जायचा. भारतीय पलटणींचे लंगर वेगळे असत. डाळ, कणीक, तांदूळ, तूप, चहा-साखर हे सगळं समुद्रापलीकडे त्यांच्यामागे यायचं. आणि गावाकडून आलेलं पत्र! ते आधी सेन्सॉरच्या नजरेखालून जाणार, मग हातात पडणार. आपण कुठे आहोत हे घरी लिहायची परवानगी नाही. विचार करा, मुलगा कुठल्या देशात लढतोय हे कित्येक आईबापांना नीट ठाऊकही नसायचं.

तारीख १० जुलै १९४४. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठ्यांच्या एका कंपनीने जर्मनांच्या मजबूत ठाण्यावर हल्ला चढवला. यशवंतरावांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला. बघता बघता सगळे पडले. कोणी ठार, कोणी जखमी. उभे राहिले फक्त यशवंतराव. मागे फिरले असते तर कोणी बोल लावला नसता. पण ते सरळ मशीनगनवर धावले. पहिल्यांदा हातबॉम्ब टाकून मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही निकामी केले. मग टॉमीगनने आणखी एकाला टिपलं. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता. त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. ठाणं पडलं, पण दबा धरून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. ते तिथेच कोसळले.

ब्रिटिश साम्राज्याचा सर्वोच्च शौर्य सन्मान, व्हिक्टोरिया क्रॉस, त्यांना मरणोत्तर जाहीर झाला. पदक त्यांच्या पत्नीने स्वीकारलं. इटलीतल्या लढायांत वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यातले सहा भारतीयांचे. यशवंतरावांचा देह मात्र सापडला नाही. त्यांना कबर नाही, फक्त कॅसिनोच्या स्मारकावर नाव आहे.

आता तुमच्या मनात एक प्रश्न आला असेल. १९४२मध्ये इथे छोडो भारत पेटलेलं असताना हे इंग्रजांसाठी का लढले? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळायचं कारण नाही. स्वातंत्र्य मिळाल्यावर अशा सैनिकांना कुठे बसवायचं, हे आपल्यालाही नीट कळलं नाही. शाळेच्या पुस्तकात ते क्वचितच भेटतात. पण राज्य कोणाचं हे पळसगावच्या पोराने ठरवलेलं नव्हतं. त्याच्या हातात होती ती आपली तुकडी. आणि समोर हिटलरचं सैन्य होतं, हेही विसरून चालणार नाही.

गंमत बघा, इटलीतली माणसं त्यांना विसरली नाहीत. जुलै २०२३मध्ये मोंतोने या गावाने यशवंत घाडगे यांच्या नावाने एक स्मारक उभारलं. ते सूर्यघड्याळ आहे. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, असा त्यावरच्या लॅटिन ओळीचा अर्थ आहे. साडेपाच हजारांहून जास्त भारतीय सैनिक त्या देशात मरण पावले, त्यांचीही ही आठवण.

तेव्हा पुढच्या वेळी गाडी माणगावात थांबली, तर मोबाईल जरा बाजूला ठेवा. वेळ असेल तर उतरून तो पुतळा बघून या. आणि सुट्टीत गावी गेलात की माळ्यावरची जुनी ट्रंक उघडा. एखादं पदक, पेन्शनचा कागद, गणवेशातला पिवळा पडलेला फोटो मिळेलही. मिळाला तर तो कोणाचा, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आत्ताच विचारून ठेवा. ती आहेत तोवरच हे कळणार आहे.