घोड्याच्या रक्तात औषध शोधणारा डॉक्टर, ज्याचं अर्धं काम आज लोहचुंबक करतंय

घटसर्प. आज हा शब्द आपल्याला बाळाच्या लसीकरणाच्या कार्डावरच दिसतो. पण दीडशे वर्षांपूर्वी युरोपात हे नाव ऐकलं तरी आई-बापांचा थरकाप उडायचा. मुलाच्या घशात राखाडी पापुद्रा धरायचा, श्वास कोंडायचा आणि डॉक्टर समोर असूनही लेकरू डोळ्यांदेखत जायचं.

यावर पहिलं खरं औषध दिलं ते एमिल फॉन बेरिंग यांनी. गंमत म्हणजे औषध हाताशी आलं, पण त्यातलं नेमकं काय काम करतंय, ते वेगळं काढणं त्यांना कधीच जमलं नाही.

बेरिंग यांचा जन्म १५ मार्च १८५४ चा. गाव हान्सडॉर्फ, तेव्हा प्रशियात आणि आज पोलंडमध्ये. वडील शाळामास्तर आणि घरात १३ मुलं. डॉक्टरकीचा खर्च झेपणारा नव्हता. म्हणून त्यांनी बर्लिनच्या लष्करी वैद्यकीय कॉलेजात प्रवेश घेतला. शिक्षण फुकट, पण नंतर काही वर्षं सैन्यात नोकरी करायची अट.

सैन्यात असताना ते आयोडोफॉर्म या जखमेवरच्या औषधाचा अभ्यास करत होते. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की हे औषध जंतूंना फारसं मारत नाही, पण जंतूंनी सोडलेलं विष मात्र निकामी करतं. म्हणजे जंतू मारण्याऐवजी विष उतरवता आलं तर? हा किडा डोक्यात शिरला तो कायमचा.

१८८९ मध्ये ते बर्लिनला रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत आले. तिथे जपानचे शिबासाबुरो कितासातो धनुर्वातावर काम करत होते. दोघांनी जनावरांना थोडं थोडं विष देऊन सरावलं. मग त्यांच्या रक्तातला सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणारा पिवळसर द्रव, दुसऱ्या जनावरांना टोचला. ती जनावरं विषातून वाचली! डिसेंबर १८९० मध्ये हा शोध छापून आला. सीरममधल्या या विष उतरवणाऱ्या घटकालाच आपण आज अँटीबॉडी किंवा प्रतिपिंड म्हणतो.

पण प्रत्येक बाटलीची ताकद वेगळी निघायची. ती मोजायची रीत पॉल एर्लिख यांनी बसवली आणि १८९४ मध्ये हेक्स्ट कंपनीने सीरम बाजारात आणला. सीरम भरपूर मिळावा म्हणून घोडे वापरले जाऊ लागले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये एमिल रू यांनी मुलांच्या हॉस्पिटलात तो वापरला, तर घटसर्पाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

१९०१ मध्ये वैद्यकशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल बेरिंग यांना मिळालं. एकट्यांना. कितासातो बाजूलाच राहिले. एर्लिख यांच्याशीही बेरिंग यांचं पुढे बिनसलं.

आणि त्याच वर्षी या औषधाची दुसरी बाजू जगाला दिसली.

अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात जिम नावाच्या घोड्यापासून सीरम काढला जायचा. या जिमलाच धनुर्वात झाला. त्याचा दूषित सीरम चुकून वापरला गेला आणि १३ मुलं दगावली. यानंतर १९०२ मध्ये अमेरिकेत अशा औषधांवर देखरेख ठेवणारा कायदा आला.

सीरम दूषित नसला तरी कटकट होतीच. अनेकांना टोचल्यानंतर काही दिवसांनी ताप, पुरळ, सांधेदुखी व्हायची. कारण साधं आहे. अँटीबॉडी हवी होती चिमूटभर, पण तिच्यासोबत घोड्याची बाकीची प्रथिनंही अंगात जात होती.

पहिल्या महायुद्धात धनुर्वाताच्या सीरमने असंख्य जखमी सैनिक वाचले. ते युद्ध चालू असतानाच, ३१ मार्च १९१७ रोजी मारबुर्गमध्ये बेरिंग वारले.

मग अँटीबॉडी वेगळी कशी काढतात? आज कॅन्सर, संधिवात यांवरच्या अँटीबॉडी घोड्यात नाही, तर टाक्यांमध्ये वाढवलेल्या पेशींत तयार होतात. पण अडचण तीच, त्या रश्श्यातून नेमकी अँटीबॉडी उचलायची कशी? त्यासाठी प्रोटीन ए नावाचं, मूळ एका जिवाणूतलं प्रथिन वापरतात. ते अँटीबॉडीला घट्ट पकडतं आणि आम्ल द्रावण ओतलं की सोडतं. एरवी हे प्रोटीन बारीक मण्यांवर बसवून ते मणी नळकांड्यात भरतात. पण नळकांडं तुंबू नये म्हणून रस्सा आधी गाळावा लागतो.

इथे येतात चुंबकीय नॅनोकण. लोखंडाच्या ऑक्साइडचे, डोळ्यांना न दिसणारे कण. त्यांच्यावर प्रोटीन ए चढवायचं आणि कण थेट न गाळलेल्या रश्श्यात टाकायचे. अँटीबॉडी चिकटली की टाकीला चुंबक लावायचा, कण एका बाजूला गोळा होतात. बाकीचं ओतून द्यायचं, कण धुवायचे आणि आम्लाने अँटीबॉडी सोडवून घ्यायची. चुंबक काढला की कणांचं चुंबकत्व जातं, ते पुन्हा मोकळे होतात आणि पुढच्या खेपेला वापरता येतात.

मोठ्या कारखान्यांत अजून नळकांड्यांचंच राज्य आहे. इतके बारीक कण मोठ्या टाकीतून ओढून काढणं सोपं नाही आणि खर्चही आहे. पण गाळण्याची पायरी वाचली, तर महागड्या अँटीबॉडी औषधांचा खर्च थोडा तरी कमी होऊ शकतो.

आणि घोडे? ते अजून निवृत्त झालेले नाहीत. मुंबईच्या हाफकिनसारख्या संस्था सापाच्या विषावरची लस आजही घोड्यांच्याच रक्तापासून बनवतात. फक्त आता ती शुद्ध करून मगच टोचली जाते. शेतात साप चावलेला माणूस त्या इंजेक्शनने वाचतो, तेव्हा त्यामागची कल्पना बेरिंग आणि कितासातो यांचीच असते.