लायनेल व्हान प्राग

मोटारसायकलच्या शर्यतींचें नांव काढलें कीं आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें वेग आणि गोंगाट यांपलीकडे कांहींच उभें राहत नाहीं. परंतु जेथें वेग आहे तेथें धैर्य लागतें. आणि जेथें धैर्याची कसोटी लागते तेथें मनुष्याचा स्वभावहि उघडा पडतो. याच हेतूनें त्या खेळांत जगज्जेता ठरलेल्या एका ऑस्ट्रेलियन स्वाराचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगत आहों.

लायनेल व्हान प्राग याचा जन्म १९०८ सालच्या डिसेंबर महिन्यांत सिडनी शहरीं झाला. तो पंधरा वर्षांचा होत होता त्याच सुमारास, म्हणजे १९२३ च्या डिसेंबरांत, न्यू साउथ वेल्स प्रांतांतील वेस्ट मेटलंड या गांवीं जॉनी हॉस्किन्स नांवाच्या एका खटपटी गृहस्थानें कृषिप्रदर्शनाच्या मैदानावर, रात्रीं विजेच्या दिव्यांच्या उजेडांत, मोटारसायकलच्या शर्यती भरविल्या. या खेळाचा खरा आरंभ कोठें झाला याविषयीं जाणत्यांत मतभेद आहेत. तथापि हॉस्किन्सच्या शर्यतींनंतर त्याचा प्रसार झपाट्यानें झाला यांत शंका नाहीं. १९२८ च्या फेब्रुवारींत लंडननजीक हाय बीच येथें शर्यती झाल्या, आणि पाहतां पाहतां इंग्लंडांतील शहरोशहरीं या खेळाचीं मैदानें उभीं राहिलीं. ऑस्ट्रेलियांतील तरुण स्वारांना तिकडून बोलावणीं येऊं लागलीं. त्यांतच व्हान प्राग होता. १९३१ पासून तो लंडनच्या वेम्ब्ली संघांत खेळूं लागला व पुढें युद्ध सुरू होईपर्यंत त्याच संघाशीं एकनिष्ठ राहिला.

हा खेळ न पाहिलेल्या वाचकांसाठीं त्याचें थोडें वर्णन करणें अवश्य आहे. लंबवर्तुळाकार रिंगणांत चार स्वार एकदम सुटतात व चार फेऱ्या घेतात. पहिल्यास तीन, दुसऱ्यास दोन व तिसऱ्यास एक असे गुण मिळतात. चौथ्याच्या वांट्यास शून्य येतें. त्या काळीं रिंगणांत बहुधा कोळशाची जळकी खर पसरलेली असे. गाडीला ब्रेक म्हणून नसतोच! वळण आलें म्हणजे स्वार डाव्या पायाचा बूट जमिनीस टेकतो, मागचें चाक मुद्दाम बाहेर घसरूं देतो, आणि पुढचें चाक वळणाच्या उलट बाजूस वळवून तोल सांवरतो. त्या बुटाला पोलादी तळवा बसविलेला असतो, तो याचसाठीं. मागून येणाऱ्यांच्या अंगावर खर उडत असते आणि शेजारच्या गाडीचें चाक वीतभर अंतरावर असतें. अशा वेळीं ज्याचें चित्त स्थिर राहील तोच टिकावा.

१९३६ सालीं या खेळाची जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा पहिल्यानेंच ठरली. अंतिम सामना १० सप्टेंबर रोजीं वेम्ब्लीच्या विशाल क्रीडागारांत झाला व तो पाहण्यास सुमारें चौऱ्याहत्तर हजार लोक जमले होते. सोळा स्वार होते व प्रत्येकास पांच शर्यती धावावयाच्या होत्या. मात्र नियमांत एक मेख होती. पूर्वीच्या फेऱ्यांत मिळविलेल्या यशाबद्दल प्रत्येकास कांहीं जादा गुण अगोदरच देण्यांत आले होते, आणि त्यांची त्या रात्रींच्या गुणांत भर पडावयाची होती. त्या रात्रीं ऑस्ट्रेलियाचाच दुसरा स्वार ब्लूई विल्किन्सन यानें आपल्या पांचहि शर्यती जिंकल्या. कोणीहि त्यास हरवूं शकलें नाहीं. परंतु पंधरा गुणांत जादा दहा मिळवून त्याची बेरीज पंचवीस झाली. व्हान प्रागचे चौदा व जादा बारा, आणि इंग्लंडच्या एरिक लँग्टनचे तेरा व जादा तेरा, अशी दोघांची बेरीज सव्वीस झाली. अपराजित राहिलेला स्वार तिसरा ठरला व बरोबरी झालेल्या दोघांत निकालाची शर्यत लागली.

येथें जें घडलें तें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. आरंभरेषेवर ताणलेल्या फिती वर उडाल्याशिवाय कोणीं पुढें सरकूं नये, असा दंडक असतो. लँग्टन उतावीळ होऊन फितींस धडकला. नियमाप्रमाणें तो तेथेंच बाद व्हावयाचा आणि व्हान प्राग न धावतांच जगज्जेता ठरावयाचा. पण अशा रीतीनें मिळणारें पद त्याला नको होतें. त्यानें लँग्टनला पुनः संधि द्यावी असा आग्रह धरला. शर्यत पुनः सुरू झाली. लँग्टन पुढें निघाला व शेवटच्या फेरीपर्यंत पुढेंच होता. शेवटच्या वळणावर किंचित् फट दिसतांच व्हान प्राग तींतून आंत शिरला आणि चाकाएवढ्या अंतरानेंहि नव्हे, त्याहून कमी अंतरानें जिंकला.

या विजयाविषयीं पुढें पुष्कळ वर्षें कुजबुज चालली. जो पहिल्या वळणावर पुढें असेल त्यालाच जिंकूं द्यावें व बक्षिसाची रक्कम वांटून घ्यावी असा दोघांत आधींच ठराव होता. तो मोडल्याबद्दल व्हान प्रागनें लँग्टनला पन्नास पौंड दिले. अशी वदंता जुने शौकीन लोक एकमेकांस सांगत आले आहेत. विल्किन्सनवर अन्याय झाला ही हळहळ तर त्याहून मोठी होती. १९३८ सालीं त्यानें तेंच अजिंक्यपद मिळविलें तेव्हां ती कोठें शमली. आम्हीं या वदंतेचा उल्लेख टाळला नाहीं, कारण चरित्र म्हणजे केवळ स्तुतिपाठ नव्हे. फितीपाशीं दाखविलेलें औदार्य हजारोंनीं पाहिलें. त्यामागें मनांत काय होतें तें कोणास दिसलें नाहीं. एका रात्रीवरून मनुष्याची पारख करूं गेल्यास अशी अडचण पडावयाचीच. म्हणून दुसरी एक रात्र पाहिली पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धांत व्हान प्राग ऑस्ट्रेलियाच्या विमानदळांत वैमानिक झाला. १९४२ च्या जानेवारींत, तेव्हांच्या डच ईस्ट इंडीजमधील सुंबा बेटानजीक, त्याचें वाहतुकीचें विमान जपानी विमानांनीं पाडलें. विमानांतील मंडळी समुद्रांत पडली. त्या पाण्यांत शार्क माशांचा सुळसुळाट होता. व्हान प्राग आणि त्याचा सहकारी नोएल क्विन हे दोघे पोहण्यास समर्थ होते. आपला जीव घेऊन किनारा गांठण्याचा प्रयत्न ते करूं शकले असते. परंतु स्वतःच्या बळावर तरून जाणें ज्यांना शक्य नव्हतें अशा सोबत्यांना त्यांनीं सोडलें नाहीं. त्यांना आधार देत, माशांना हुसकावीत, सुमारें तीस तास ते पाण्यांत झगडले व अखेर तीराला लागले. तेथें ना दिव्यांचा लखलखाट होता, ना टाळ्या वाजविणारे प्रेक्षक, ना बक्षिसाची थैली. या पराक्रमाबद्दल दोघांनाहि जॉर्ज पदक देण्यांत आलें.

युद्धानंतर व्हान प्राग कांहीं काळ पुनः रिंगणांत उतरला. पण पुढें विमान चालविणें हाच त्याचा व्यवसाय झाला. १९८७ सालीं तो मरण पावला. विल्किन्सन त्याच्या कितीतरी आधीं, १९४० सालींच, सिडनींत रस्त्यावरील अपघातांत गेला होता. वेम्ब्लीचें तें जुनें क्रीडागारहि पुढें पाडण्यांत आलें व त्या जागीं नवें उभें राहिलें.

१९३६ चा खरा विजेता कोण, हा वाद शौकिनांत पुढेंहि चालेल, आणि तो चालावा. कारण पांचहि शर्यती जिंकणाऱ्याचा हक्क आमच्या मतें लहान नव्हता. परंतु सुंबाच्या समुद्रांतील तीस तासांविषयीं वाद घालण्यास कोणास जागा नाहीं. ज्यानें प्रतिस्पर्ध्याला फितीपाशीं पुनः संधि दिली, त्यानेंच बुडत्या सोबत्याचा हात धरून ठेविला. पहिल्या गोष्टीविषयीं कोणाच्या मनांत शंका राहिली असेल तर तिचें उत्तर दुसरींत आहे. आमच्या विद्यार्थ्यांनीं मैदानावर उतरतांना हें ध्यानांत ठेवावें कीं, पंचाच्या शिट्टीनें मिळालेला विजय फलकावर लिहिला जातो. पण खेळतांना जडलेली संवय मैदान सुटल्यावरहि आपल्याबरोबर येते, आणि पुढें केव्हां कोणाच्या जिवाला तिचा उपयोग होईल हें आज सांगतां येत नाहीं.